रेघ आहे तिथेच

सासूबाईंचा कारखाना बंद पडला तो एका शुक्रवारी. सोमवारी सकाळी त्या परसातल्या लाकडी शेडच्या दारात कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "इथे खुर्च्या दुरुस्तीचं दुकान काढायचं."

सल्ला वगैरे विचारत नव्हत्या त्या. बातमी देत होत्या. सून स्वयंपाकघराच्या खिडकीत दात घासत उभी होती. तिने तोंडात फेस असल्याचा फायदा घेतला आणि नुसती मान हलवली.

फर्निचरच्या त्या कारखान्यात सासूबाईंचं उभं आयुष्य गेलं होतं. नवरा लवकर गेला, पोर अंगावर होतं, तेव्हा त्या भुसा झाडायच्या कामावर लागल्या आणि बाहेर पडल्या त्या खुर्च्यांच्या खात्याच्या मुकादम होऊन. साठी उलटली होती, गुडघे कुरकुरत होते, पण डुगडुगणारी खुर्ची दिसली की हात शिवशिवायचे. कुणाकडे पाहुण्या म्हणून गेल्या तरी चहा यायच्या आत यजमानाची खुर्ची उलटी करून तिचे सांधे तपासायच्या. मालकाने निरोप देताना भिंतीवरचं घड्याळ देऊ केलं होतं. त्यांनी ते परत केलं आणि त्याऐवजी आपला रंधा, करवती आणि पटाश्यांची पेटी घेऊन त्या घरी आल्या.

"आई," सून तोंड धुऊन बाहेर येत म्हणाली, "आपला रस्ता आता निवासी झोनमध्ये आहे. मनात आलं आणि दुकान काढलं, असं नाही होत. परवानगी लागते."

"मग काढ."

"काय?"

"परवानगी. तुझाच धंदा ना तो?"

धंदा खरंच तिचाच होता. एका वास्तुविशारदाच्या कचेरीत ती जागेचे नकाशे तयार करायची. प्लॉटची हद्द कुठे, घर कुठे, झाड कुठे, सांडपाणी कुठून जातं, गाडी कुठे उभी राहणार, शेजाऱ्यापासून किती अंतर सोडलंय, हे सगळं एका कागदावर मांडायचं, खाली सही ठोकायची आणि नगररचना कचेरीत मंजुरीसाठी द्यायचं. परवाना तिच्या स्वतःच्या नावावर होता. परक्यांची शेकडो घरं तिने कागदावर बसवली होती. सासरचं घर मात्र कधी मोजलं नव्हतं.

एका सुटीच्या दिवशी तिने टेप काढला. एक टोक नवऱ्याच्या हातात दिलं. नवरा माणूस सोन्यासारखा, पण भांडणाचा वास आला की त्याला नेमकं दुसरं काहीतरी काम आठवायचं. टेप धरताना तो दोनदा म्हणाला, "सभापतींना सांगून केलं असतं तर बरं नसतं का?"

सभापती म्हणजे उजव्या हाताचे शेजारी. रहिवासी समितीचे अध्यक्ष. त्यांना कुणी निवडून दिलं हे कुणालाच आठवत नव्हतं; पण कचऱ्याच्या डब्यापासून कुत्र्याच्या भुंकण्यापर्यंत रस्त्यावरच्या प्रत्येक गोष्टीत त्यांचा शब्द शेवटचा. सासूबाईंच्या दुकानाची कुणकुण लागल्या दिवशीच ते फाटकाशी येऊन गेले होते. "वहिनी, या वयात माणसाने आराम करावा."

"तुम्ही करताय ना," सासूबाई म्हणाल्या होत्या, "मग रस्त्याचा कोटा भरला."

नियम असा होता: मालक तिथेच राहत असेल तर निवासी रस्त्यावर लहान कामाची जागा चालते. मात्र आवारात गिऱ्हाइकाची एक गाडी मावली पाहिजे आणि कामाची जागा शेजाऱ्याच्या हद्दीपासून दहा फुटांवर पाहिजे. गाडी पुढच्या अंगणात मावत होती. शेड सभापतींच्या भिंतीपासून आठ फुटांवर निघाली. सुनेने जे दिसलं ते काढलं, अर्ज दिला, आणि आठवड्याभरात तो परत आला. आठच्या आकड्याभोवती लाल गोल होता.

"दोन फुटांसाठी?" सासूबाईंनी कागद हातभर लांब धरून पाहिला. "आणि ही हद्द कुठली काढलीस तू?"

"ही भिंत, आई."

"भिंत म्हणजे हद्द? ती भिंत मी बांधली की काय! सभापतींनी गॅरेज बांधलं, त्याच्याच ओळीत भिंत रस्त्यापर्यंत ओढली. मी तेव्हा दोन-दोन पाळ्या करत होते. एक दिवस घरी आले तर भिंत उभी. म्हटलं, असेल बाबा."

सून चरकली. पहिल्या वर्षी शिकवतात ती गोष्ट: कुंपण म्हणजे हद्द नव्हे. परक्याच्या प्लॉटवर ही चूक तिच्या हातून झाली नसती. घरच्या जागेवर मात्र तिने डोळे मिटून भिंतीला हद्द मानलं होतं, कारण लग्न होऊन आल्यापासून ती भिंत तिथेच होती.

दुसऱ्या दिवशी तिने नगररचना कचेरीतून रस्त्याचा मूळ आराखडा मिळवला आणि हद्दीचे दगड शोधायला लागली. रस्त्याकडचे दोन्ही सापडले, एक फाटकाखाली, एक गटाराच्या कडेला. मागचा डावा नळाच्या चौथऱ्याशी मिळाला. मागचा उजवा मात्र कुठेच नव्हता. तीन दगडांवरून चौथ्याची जागा काढायला काही फार अक्कल लागत नाही. तिने मापं घेतली, पुन्हा घेतली. नाचता येईना अंगण वाकडं असं लोक म्हणतात. इथे अंगण खरंच वाकडं होतं. कागदावर प्लॉट समोर जेवढा रुंद तेवढाच मागेही रुंद होता, जमिनीवर तो मागे जाता जाता दोन फुटांनी चिंचोळा होत होता. खरी रेघ सभापतींच्या गॅरेजमधून जात होती.

तिने नवा नकाशा काढला. हद्द ठळक, जिथे होती तिथे. गॅरेजचा जो भाग अलीकडे आला होता तो तिरक्या रेघांनी भरला. शेडपासून हद्दीपर्यंत दहा फूट. खाली सही.

नियमाप्रमाणे फाटकावर सूचनाफलक लागला आणि नकाशाची एक प्रत शेजाऱ्यांना गेली. तिसऱ्या दिवशी साहेबांनी, म्हणजे ती ज्यांच्याकडे कामाला होती त्या वास्तुविशारदांनी, सुनेला केबिनमध्ये बोलावलं. समोरच्या खुर्चीत सभापती बसले होते.

"हे आपले जुने स्नेही," साहेब म्हणाले. "बस."

सभापतींच्या हातात नकाशाची प्रत होती. आज आवाजात मध होता. "सूनबाई, मी विचार केला. वहिनींचा दुकानाचा हट्ट आहे, तर होऊ दे. शेजाऱ्याने लेखी संमती दिली तर आठ फूटसुद्धा चालतात, खरं ना?"

"चालतात," ती म्हणाली.

"मी देतो संमती. आजच देतो. समितीचा विरोधही मागे घेतो. तुम्ही फक्त ही रेघ आधीच्या नकाशात होती तिथे न्या. भिंतीवर. बस, एवढंच."

साहेबांनी पेन्सिल पुढे सरकवली. "दोघांचंही भलं आहे. साप मरतोय, काठीही शाबूत राहतेय."

सुनेने पेन्सिलीकडे पाहिलं. घरी सासूबाई लाकूड रचून वाट बघत होत्या. एक रेघ, बोटभर सरकवायची. आधी तीच तर काढली होती.

"तेव्हा मला माहीत नव्हतं," ती म्हणाली.

"काय?"

"पहिली रेघ चुकून काढली होती. आता तीच काढली तर ती चूक नसेल. खोटं असेल. आणि खाली सही माझी असेल."

"मोठं बोलू नकोस," साहेब म्हणाले. "घरगुती मामला आहे."

"घरगुती आहे म्हणून घरच्यांचंच नुकसान करू?" तिने पेन्सिल परत सरकवली. "रेघ आहे तिथेच राहील, साहेब. गॅरेजचं काय करायचं ते माझं काम नाही."

सभापती उठले. मध संपला होता. "मग दुकान होत नाही, एवढं लक्षात ठेवा."

घरी येईपर्यंत तिला वाटत होतं, सासूबाई पाठ थोपटतील. सगळं ऐकून घेतल्यावर सासूबाईंनी हातातला रंधा खाली ठेवला.

"मला विचारलंस?"

"आई, ते खोटं..."

"मला विचारलंस का? जागा कुणाची? दुकान कुणाचं? मी हो म्हणाले असते! दोन फूट मातीचं काय लोणचं घालायचंय मला? मला काम करायचंय. माझ्याकडे किती वर्षं उरलीत ते मोजलंस का तुझ्या टेपाने?"

"ती रेघ मला काढायची होती! सही माझी!"

"सही तुझी, पोट माझं!"

नवऱ्याला तेवढ्यात बाहेरचा नळ गळतोय असं आठवलं.

रात्री सून अंथरुणावर पडून छताकडे बघत राहिली. तिला राग येत होता आणि रागापेक्षा जास्त हे खुपत होतं, की सासूबाईंचं चूक नव्हतं. खरंच विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर काय केलं असतं, हे मात्र तिला सांगता येत नव्हतं. बहुधा तरीही नाहीच म्हणाली असती.

सकाळी सासूबाईंनी चहाचा कप तिच्यापुढे आदळला.

"तू बरोबर केलंस असं मी म्हणणार नाही."

"नका म्हणू."

"विचारायला हवं होतंस."

"हो. हवं होतं."

"ठीक." त्या समोर बसल्या. "खात्यात असताना एकदा मालकाने आम्हाला ओलं लाकूड वापरायला सांगितलं होतं. माल घाईचा होता. मी म्हटलं, माझ्या हातून नाही. तेव्हा माझ्या खात्यातल्या बायकांनी मला आठवडाभर शिव्या दिल्या, कारण सगळ्यांचंच काम अडलं." त्यांनी चहाचा घोट घेतला. "मला आठवलं रात्री. म्हणून काही मी तुला माफ केलेलं नाही. पण आता माघार नाही. आता ते सभापती पाया पडत आले तरी मला त्यांची संमती नको. हक्काने मिळेल तेच."

समितीने विरोध नोंदवला होता; त्यावरची सुनावणी नगररचना कचेरीच्या एका लहान खोलीत झाली. अधिकारी बाईंना जबर सर्दी झाली होती. त्या एका हाताने रुमाल आणि एका हाताने कागद सांभाळत होत्या. सभापतींनी निम्मा रस्ता सोबत आणला होता. आवाज होईल, धूळ उडेल, अनोळखी माणसं येतील, घरांची शान जाईल, असं एकेकाने उठून सांगितलं. काहींनी सांगताना सासूबाईंच्या नजरेला नजर दिली नाही.

सासूबाई उभ्या राहिल्या. त्यांनी काही लिहून आणलं नव्हतं.

"मी इथे आले तेव्हा हा रस्ताच नव्हता. गुडघाभर चिखल होता. दिवा नव्हता. यातली कितीतरी घरं माझ्या डोळ्यांदेखत उभी राहिली. तेव्हा दिवसभर ठोकाठोक चालायची, सिमेंट उडायचं, अनोळखी माणसं माझ्या नळावर पाणी प्यायची. मी कधी फाटक बंद केलं नाही. आणि आज माझ्या करवतीचा आवाज होतो? सभापती सुटीच्या दिवशी सकाळी गवत कापायचं यंत्र चालवतात, तेव्हा मुडदा उठून बसेल. मी कधी अर्ज केला का?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

सभापती उसळले. "मुद्दा तो नाही! त्या नकाशातली हद्दच खोटी आहे. सुनेने सासूसाठी रेघ सरकवली आहे!"

चोराच्या उलट्या बोंबा! सून उठून उभी राहिली. अधिकारी बाईंनी नाक पुसून नकाशा तिच्याकडे फिरवला.

"ही सही तुमची?"

"माझी."

"रेघ चुकली असेल तर?"

"सरकारी मोजणी मागवा. या रेघेत चूक निघाली तर माझा परवाना काढून घ्या."

शब्द तोंडातून गेल्यावर तिला कळलं आपण काय बोललो ते. शेजारी बसलेल्या नवऱ्याने एकदम तिचा हात धरला. सोडवून घ्यावा असं तिला वाटलं, पण तिने तसाच राहू दिला.

मोजणीच्या दिवशी रस्त्यावर जत्रा जमावी तसे लोक जमले. मोजणीदाराने तिपाईवर यंत्र बसवलं, तिन्ही दगडांवरून नजर लावली आणि मग सभापतींच्या गॅरेजपाशी जाऊन म्हणाला, "शटर उघडा."

"कशाला?"

"चौथा कोपरा आत आहे."

शटर वर गेलं. मोजणीदाराने गाडीच्या चाकाशेजारी, फरशीवर खडूने फुली मारली. सुनेने दाखवली होती बरोबर तिथे. जमलेल्या लोकांतून एक हुंकार गेला. पण सुनेला हायसं वाटायच्या आतच मोजणीदार शेडकडे वळला, टेप ताणला आणि म्हणाला, "नऊ फूट आठ इंच."

"नाही," सून म्हणाली. "दहा आहे."

तिने स्वतः वाकून पाहिलं. नऊ फूट आठ इंच. आणि मग तिच्या लक्षात आलं: तिने शेड आतून मोजली होती आणि भिंतीला एका फळीची जाडी धरली होती. थंडी आत येऊ नये म्हणून सासूबाईंनी पूर्वी कधीतरी बाहेरून दुसरी चौकट ठोकून फळ्यांचा आणखी एक थर लावला होता. हद्द अचूक होती. चुकली होती ती शेड. दुसऱ्यांदा, स्वतःच्याच घरात. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

"बघा!" सभापतींच्या आवाजात जीव आला. "दहा नाहीत! झाला निकाल!"

सासूबाई पुढे आल्या. "किती कमी?"

"चार इंच, आई," सून पुटपुटली. "चूक माझी आहे. मी..."

"चार बोटं?" सासूबाई मोजणीदाराकडे वळल्या. "साहेब, आज तुम्ही किती वेळ आहात इकडे?"

"पलीकडच्या रस्त्यावर दोन प्लॉट आहेत. संध्याकाळपर्यंत."

"जाताना इकडून जा."

त्या शेडमध्ये गेल्या आणि पहार घेऊन बाहेर आल्या. पहिली फळी निघाली तेव्हा खिळे असे किंचाळले की सभापतींनी कान दाबून धरले. दुसरी निघाली. सून नुसती बघत उभी होती.

"उभी काय राहिलीस? नकाशात बसत नाही तर जागेवर बसवू. धर ते टोक."

तिने टोक धरलं. मग एक गोष्ट अशी झाली की ती सुनेला पुढे कितीतरी दिवस नवल म्हणून आठवत राहिली: नवरा बाह्या सरसावून आला. त्याला त्या दिवशी दुसरं कुठलंच काम आठवलं नाही. रस्त्यातल्या सगळ्यांदेखत, सभापतींदेखत, त्याने आईच्या हातातून पहार घेतली आणि म्हणाला, "तू सांग, मी काढतो."

बाहेरचा थर उतरवला, चौकट सोडवली. आतला थर सासूबाईंनी ठोकून पाहिला. खालच्या फळ्या कुजल्या होत्या, त्या बदलल्या. दुपारपर्यंत घामाने तिघांचेही कपडे अंगाला चिकटले. बघे पांगले. ज्या शेजारणीने सुनावणीत धुळीबद्दल तक्रार केली होती, ती पाण्याची बाटली कुंपणावर ठेवून काही न बोलता निघून गेली. माफी होती की नुसतं पाणी, कुणी विचारलं नाही. तिघंही पाणी प्यायली.

संध्याकाळी मोजणीदार आला. टेप ताणला. "दहा फूट आणि वर एक बोट."

"बोट जास्त कशाला?" त्याने हसून विचारलं.

"ते सभापतींना," सासूबाई म्हणाल्या. "आमच्याकडून."

मंजुरी आली, पण अटींचं शेपूट लावून. काम दहा ते पाच. सुटीच्या दिवशी बंद. रंगकाम दारं लावून. पाटी नको. पहिल्या तीन अटी सासूबाईंनी मान्य केल्या. चौथीवर त्यांनी बोट ठेवलं. "दहा ते पाच ठीक. पण पाटी नाही? लोकांनी काय वास काढत यायचं?" पाटीसाठी त्यांनी नवा अर्ज करायला लावला. सुनेने तो केला, आणि या वेळी शेडची प्रत्येक भिंत बाहेरून मोजली.

साहेबांनी सुनेला कामावरून काढलं नाही. पण मोठं काम तिच्या टेबलावरून उचललं आणि तिला संडास-न्हाणीघरांचे नकाशे देऊ लागले. ती ते काढत राहिली, दुप्पट नीट. एकदा साहेब म्हणाले, "अजून पेन्सिल उचलायला सांगू का?" ती म्हणाली, "सांगा ना. नाही म्हणायची सवय झाली आहे आता." साहेबांनी पुढे विषय काढला नाही.

गॅरेजच्या जागेबद्दल दावा लावायचा का, असं नगररचना कचेरीने सासूबाईंना विचारलं. "आज नाही," त्या म्हणाल्या. "पण नाही असंही लिहून देणार नाही." सभापतींनी वरच्या कचेरीत अपील केलं. ते अजून चालू आहे. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, आणि पीळ काही एकट्या सभापतींनाच होता असं नाही.

पहिल्या दिवशी दहाला अजून थोडा अवकाश होता. सासूबाई कामाच्या बाकाशी उभ्या होत्या, शिकंज्यात एका खुर्चीचा पाय घट्ट बसवलेला, करवत हातात. सून कचेरीला जायला निघाली होती, पण फाटकाशी रेंगाळली. सभापती खिडकीत मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभे होते. एक मिनिट जरी लवकर झालं असतं तरी त्यांनी तक्रार लिहिली असती.

दहा वाजले. करवत लाकडात शिरली. सभापतींची खिडकी धाडकन बंद झाली.

सासूबाईंनी करवत थांबवली, जाऊन शेडची दोन्ही दारं सताड उघडली आणि पुन्हा बाकाशी आल्या.

"तू गेली नाहीस अजून?" त्या सुनेला म्हणाल्या. "जा, तुला उशीर होतोय. मला पाचपर्यंत फुरसत नाही."